धाराशिव जिल्ह्यातील एकदिवसीय सहली

धाराशिव जिल्ह्यातील एकदिवसीय सहली म्हणजे महाराष्ट्राच्या मराठवाडा विभागातील धाराशिव (पूर्वीचे नाव उस्मानाबाद) जिल्ह्यात मित्रमंडळींनी शनिवार-रविवारी किंवा सणाच्या सुट्टीत केलेला लहान प्रवास होय. ऐतिहासिक स्थळे पाहणे, निसर्गाचा व स्थानिक जेवणाचा आस्वाद घेणे आणि छायाचित्रे काढणे ही या सहलींची मुख्य अंगे आहेत. पावसाळ्यात नळदुर्ग किल्ल्यातील धबधबे, हिवाळ्यात शेतावरचा हुरडा आणि मार्गशीर्ष महिन्यातील वेळ अमावस्येचे वनभोजन हे या सहलींचे तीन ठळक प्रसंग आहेत. या तिन्हींचा संबंध त्या वर्षीच्या पावसाशी असल्याने येथील सहलींचे वेळापत्रक दिनदर्शिकेपेक्षा आभाळावर अधिक अवलंबून असते.

भौगोलिक पार्श्वभूमी

धाराशिव जिल्हा बालाघाट डोंगररांगेच्या पठारावर व तिच्या उतारांवर वसलेला आहे. गोदावरी आणि भीमा यांच्या खोऱ्यांची विभागणी करणारी जलरेषा या जिल्ह्यातूनच जाते. तेरणा नदीचे पाणी मांजरेमार्गे गोदावरीला मिळते, तर बोरी व सीना या नद्या भीमेकडे वाहतात. जिल्हा पर्जन्यछायेच्या प्रदेशात येतो. पाऊस बेताचा आणि लहरी आहे, आणि त्याचा मोठा वाटा अनेकदा सप्टेंबरमध्ये पडतो. त्यामुळे सह्याद्रीत वर्षा-पर्यटन ऐन भरात असते त्या जून-जुलैमध्ये धाराशिवचे ओढे बहुधा कोरडेच असतात. याउलट पाऊस एकदम आला तर तो धुमाकूळही घालतो. सप्टेंबर २०२५ मध्ये भूम व परांडा तालुक्यांत आलेला पूर हे त्याचे अलीकडचे उदाहरण आहे.

वाहतुकीच्या दृष्टीने दोन राष्ट्रीय महामार्ग महत्त्वाचे आहेत. पुणे-सोलापूर-हैदराबाद हा ६५ क्रमांकाचा महामार्ग नळदुर्ग व उमरगा या गावांवरून जातो, तर सोलापूरहून बीडमार्गे उत्तरेकडे जाणारा ५२ क्रमांकाचा महामार्ग तुळजापूर, धाराशिव व येडशी यांना जोडतो. सोलापूर शहर नळदुर्ग व तुळजापूर या दोन्ही ठिकाणांपासून पन्नास किलोमीटरच्या आत असल्याने या सहलींना येणाऱ्यांत सोलापूरकरांचा भरणा मोठा असतो. लातूर आणि बार्शी येथूनही लोक सकाळी निघून संध्याकाळी परत जातात.

रेल्वेची कथा थोडी वेगळी आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याच्या कल्पनेतून उभी राहिलेली बार्शी लाईट रेल्वे ही अरुंदमापी गाडी येडशीवरून लातूरपर्यंत जात असे. धाराशिव शहर मात्र तिच्या मार्गावर नव्हते. जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणी रेल्वे आली ती रुंदमापी रूपांतरानंतर, म्हणजे एकविसाव्या शतकात. ती जुनी गाडी आज असती तर सहलीचे मोठे आकर्षण ठरली असती.

नळदुर्ग

नळदुर्ग हे तुळजापूर तालुक्यातील गाव असून तेथील भुईकोट किल्ला राज्य संरक्षित स्मारक आहे. बोरी नदीने वळसा घातलेल्या बेसाल्टच्या पठारावर हा किल्ला बांधलेला आहे. लोकपरंपरा त्याचे नाव नल-दमयंतीच्या कथेतील नल राजाशी जोडते. कल्याणीच्या चालुक्यांच्या एखाद्या सामंताने येथे प्रथम गढी उभारली असे मानले जाते. पुढे बहमनी आणि त्यानंतर विजापूरच्या आदिलशाही राजवटीत दगडी तटबंदी झाली. सतराव्या शतकाच्या अखेरीस किल्ला मोगलांकडे व नंतर हैदराबादच्या निजामाकडे गेला. एकेकाळी जिल्ह्याचे मुख्य ठिकाण नळदुर्गच होते. विसाव्या शतकाच्या आरंभी ते धाराशिवला हलविण्यात आले.

किल्ल्याची तटबंदी लांब असून तिच्यात शंभराहून अधिक बुरूज आहेत. त्यांपैकी उपळी बुरूज सर्वांत उंच आहे. त्यावर दोन मोठ्या तोफा असून तेथून संपूर्ण किल्ला, नदीचे वळण आणि आजूबाजूची शेते दिसतात. एकाच बुरुजाला नऊ पाकळ्यांसारखी गोलाकार वळणे दिलेला नवबुरूज हा बांधकामाचा दुर्मीळ नमुना आहे. धबधबा पाहून परत फिरणारे बहुतेक गट नवबुरुजापर्यंत पोहोचत नाहीत. किल्ला नीट पाहायचा तर किमान तीन तास हाताशी असावे लागतात.

पाणी महाल

नळदुर्गची खरी ख्याती पाणी महालामुळे आहे. मुख्य किल्ला आणि नदीपलीकडील रणमंडळ हा उपदुर्ग यांना जोडणारा दगडी बंधारा दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळात बांधण्यात आला, आणि त्या बंधाऱ्याच्या भिंतीच्या पोटातच हा महाल आहे. बांधकामाचे वर्ष इ.स. १६१३ असे दिले जाते व त्याचे श्रेय मीर इमादीन या स्थपतीला दिले जाते. बंधाऱ्यामुळे किल्ल्यातील शिबंदीला बारमाही पाणी मिळाले आणि नदीच्या बाजूने संरक्षणही झाले. म्हणजे रचनेचा मूळ हेतू लष्करी होता. मौजेची सोय त्याच दगडात बसविली गेली, हे तिचे वैशिष्ट्य.

बंधाऱ्यावरून पाणी दोन सांडव्यांतून खाली कोसळते. त्यांना नर आणि मादी असे म्हणतात. सांडवे वाहत असताना महालाच्या खिडकीशी उभे राहिल्यास पाण्याचा पडदा समोरून कोसळताना दिसतो, पण आतील दालन कोरडे राहते. दगडी सांध्यांमधून पाणी झिरपू न देण्याचे हे कसब चारशे वर्षांनंतरही अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना येथे खेचून आणते. महालात फारसी शिलालेख असून, या महालाकडे पाहताच मित्रांचे डोळे उजळतील आणि शत्रूंच्या डोळ्यांपुढे अंधार येईल, अशा आशयाचा मजकूर त्यात असल्याचे सांगितले जाते. मित्रांसह येथे येण्याची कल्पना आजची नाही, असे म्हणायला हा लेख पुरेसा आधार देतो.

या वास्तूचे इंग्रजी वाचकांना परिचय करून देणारे लेखन फिलिप मेडोज टेलर यांचे आहे. निजामाने १८५३ च्या तहानुसार काही प्रदेश ब्रिटिशांकडे सोपविला, तेव्हा या भागाचा कारभार टेलर यांच्याकडे आला आणि त्यांनी नळदुर्ग हे आपले ठाणे केले. १८५७ पर्यंत ते येथे होते. त्यांच्या मृत्यूनंतर १८७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात नळदुर्गच्या वास्तव्याचे तपशील आहेत. त्यांची ‘तारा’ ही कादंबरी तर तुळजापूरच्या पार्श्वभूमीवरच घडते.

धबधबे केव्हा वाहतात

नर-मादी धबधबे दरवर्षी वाहतीलच असे नाही. किल्ल्याच्या वरच्या अंगाला बोरी नदीवर मध्यम प्रकल्पाचे धरण आहे. ते पूर्ण भरून त्याच्या सांडव्यावरून पाणी वाहू लागले, की मगच किल्ल्यातील बंधाऱ्याला पुरेसे पाणी मिळते. नळदुर्ग परिसरात जोरदार पाऊस झाला पण धरण निम्मेच भरले, तर धबधबा सुरू होत नाही. याउलट नळदुर्गात ऊन असताना वरच्या पाणलोटात पाऊस झाला, तर प्रवाह वाढू शकतो. २०१२-१३ आणि २०१५-१६ यांसारख्या दुष्काळी वर्षांत या भागाला पिण्याच्या पाण्याचीच चणचण भासली. अशा वर्षी धबधब्याचा प्रश्नच उद्भवत नाही. त्यामुळे धरण भरल्याची बातमी आली, की त्यानंतरच्या शनिवार-रविवारी गर्दी उसळते. शेतकऱ्याला रब्बीच्या पाण्याची हमी देणारी तीच बातमी असते, हे पाहुण्यांच्या सहसा ध्यानात येत नाही.

सुरक्षितता

पाणी महालाकडे जाणारा दगडी मार्ग पावसाळ्यात शेवाळाने निसरडा होतो. बंधाऱ्याच्या माथ्यावर किंवा सांडव्याच्या तोंडाशी जाऊन छायाचित्र काढण्याचा मोह सर्वांत घातक असतो, कारण तेथे पाण्याची खोली वरून कळत नाही आणि प्रवाह पायाखालून ओढतो. वरच्या धरणातून येणारे पाणी अल्पावधीत वाढू शकते. पाणी अचानक गढूळ झाले किंवा त्यात काटक्या-पालापाचोळा वाहून येऊ लागला, तर ती वरून लोंढा येत असल्याची खूण समजावी व ताबडतोब उंच जागी जावे. लोणावळ्याजवळ भुशी धरणाच्या मागील धबधब्यात ३० जून २०२४ रोजी एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, तेव्हाही पाणी काही मिनिटांत वाढले होते. त्या दुर्घटनेनंतर पुणे जिल्ह्यात अनेक वर्षा-पर्यटनस्थळांवर निर्बंध घालण्यात आले.

मित्रांच्या गटात एक वेगळाच धोका असतो. एकट्याने कुणी उतरणार नाही अशा पाण्यात दहा जण एकमेकांच्या भरीस पडून उतरतात. पोहता येणे हा येथे फारसा बचाव नाही, कारण कोसळत्या पाण्याखाली भोवरा तयार होतो आणि त्यातील फेसाळ पाणी माणसाला पुरेसे तरंगू देत नाही. कुणी पाण्यात पडल्यास त्याच्यामागे उडी मारण्याऐवजी दोर, ओढणी किंवा लांब काठी फेकणे योग्य ठरते. आपत्कालीन मदतीसाठी ११२ हा क्रमांक देशभर चालतो.

जतन

महाराष्ट्र शासनाच्या ‘महाराष्ट्र वैभव’ स्मारक संगोपन योजनेखाली २०१४ मध्ये किल्ल्याची देखभाल दहा वर्षांच्या करारावर युनिटी मल्टिकॉन्स या सोलापूरच्या कंपनीकडे सोपविण्यात आली. त्यानंतर झाडी-झुडपे काढणे, बागा, पायवाटा, नौकाविहार आणि प्रवेशशुल्क अशा गोष्टी आल्या व पर्यटकांची संख्या वाढली. संरक्षित स्मारक खासगी संस्थेकडे देण्याच्या या पद्धतीवर दोन मते आहेत. एका बाजूचे म्हणणे असे, की शासनाच्या तुटपुंज्या निधीत असे शेकडो किल्ले नुसते ढासळत राहतात. दुसऱ्या बाजूला अशी धास्ती असते, की करमणुकीच्या सोयी वाढत गेल्या तर मूळ वास्तू मागे पडते. नळदुर्गच्या बाबतीत दोन्ही म्हणण्यांना आधार सापडतो. तट मोकळे झाले म्हणून बुरूज पाहता येऊ लागले, आणि त्याच वेळी अनेकांच्या सहलीत बुरुजांपेक्षा बागेला अधिक वेळ मिळू लागला.

दगडावर नावे कोरणे, चुन्याच्या गिलाव्यावर कोळशाने लिहिणे आणि शिलालेखावर हात फिरवणे यांनी होणारी हानी भरून येत नाही. महाराष्ट्र प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे आणि अवशेष अधिनियम, १९६० अन्वये संरक्षित स्मारकाची विटंबना हा दंडनीय अपराध आहे.

छायाचित्रण

पाणी महालाचे छायाचित्र काढणे दिसते तितके सोपे नाही. दालनात अंधार आणि खिडकीबाहेर उजळ पाणी, यामुळे स्वयंचलित कॅमेऱ्यात एक तर पाणी पांढरे फटक येते किंवा दालन काळे पडते. पाण्यावर प्रकाशमापन करून माणसाची केवळ छायाकृती ठेवणे हा सर्वांत सोपा व परिणामकारक मार्ग आहे. मोबाईलमध्ये पडद्यावर उजळ भागाला बोट लावून प्रकाश कमी केल्यास हेच साधते. पाण्याचे दुधासारखे पट्टे हवे असतील तर झडप अर्धा सेकंद किंवा अधिक काळ उघडी ठेवावी लागते. त्यासाठी कॅमेरा तिपाईवर किंवा दगडी कठड्यावर स्थिर हवा. तुषारांमुळे भिंग सतत ओले होत असल्याने सुती कापड जवळ असावे. बेसाल्ट मुळातच काळा असून भिजल्यावर आणखी काळा दिसतो, म्हणून ढगाळ दिवस येथे उन्हापेक्षा अधिक सोयीचा असतो.

ड्रोन उडविण्यासाठी २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे त्या जागेचे हवाई क्षेत्र तपासावे लागते आणि संरक्षित स्मारकावर संबंधित विभागाची परवानगी घ्यावी लागते. तुळजाभवानीच्या गाभाऱ्यात छायाचित्रणास मनाई आहे.

अणदूर व मैलारपूर

नळदुर्गपासून अगदी जवळ असलेल्या अणदूर येथील खंडोबा आणि नळदुर्गच्या मैलारपूर भागातील खंडोबा यांचे स्थान वैशिष्ट्यपूर्ण आहे. देवाची मूर्ती एकच, मंदिरे दोन. वर्षातील बहुतांश काळ मूर्ती अणदूरला असते आणि पौषातील यात्रेच्या सुमारास सुमारे दोन महिने ती नळदुर्गला येते. पौष पौर्णिमेच्या यात्रेत भंडाऱ्याच्या उधळणीने परिसर पिवळाधमक होतो. छायाचित्रकार या काळात आवर्जून येतात, मात्र भंडाऱ्याची बारीक पूड कॅमेऱ्याच्या सांध्यांत शिरते.

तुळजापूर

साडेतीन शक्तिपीठांपैकी एक मानले जाणारे तुळजाभवानीचे मंदिर बालाघाटच्या उतारावर आहे. राजे शहाजी महाद्वारातून पायऱ्या उतरत आत गेल्यावर कल्लोळ तीर्थ व गोमुख तीर्थ लागतात. मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा या दिवशी मोठी गर्दी असते. नवरात्रात तर गाव पायी येणाऱ्या भाविकांनी भरून जाते. केवळ सहलीच्या हेतूने येणाऱ्यांनी हे दिवस टाळलेले बरे, कारण त्या दिवशी गाव पाहण्यासारखे असले तरी त्यात फिरता येत नाही. बाजारात कवड्यांच्या माळा, परड्या आणि हळद-कुंकू यांची दुकाने ओळीने लागतात.

तेर आणि धाराशिव लेणी

तेरणाकाठचे तेर हे जिल्ह्यातील सर्वांत प्राचीन गाव होय. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात उल्लेखिलेले तगर हेच असल्याचे जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये दाखवून दिले. तगर आणि पैठण येथून बैलगाड्यांतून माल भडोचच्या बंदराकडे जात असे. तगरहून जाणाऱ्या मालात जाडेभरडे कापड आणि मलमल यांचा समावेश होता. गावातील त्रिविक्रमाचे विटांचे मंदिर मुळात अर्धवर्तुळाकार पाठीचे चैत्यगृह असावे, असे अभ्यासक मानतात. विटांचेच उत्तरेश्वर मंदिरही येथे आहे. संत गोरा कुंभार तेरचेच. रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमविलेल्या वस्तूंवर उभे राहिलेले शासकीय संग्रहालय लहान असले तरी मोलाचे आहे. भाजक्या मातीच्या मूर्ती, मणी, रोमन संपर्काची साक्ष देणाऱ्या वस्तू आणि हस्तिदंती स्त्रीप्रतिमा यांमुळे दोन हजार वर्षांपूर्वीच्या व्यापारी गावाचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. संग्रहालयाला साप्ताहिक सुट्टी असते, ती आधी विचारून घेणे इष्ट.

धाराशिव शहराजवळच्या डोंगरातील लेणी त्या मानाने दुर्लक्षित आहेत. त्यांतील मोठे लेणे अजिंठ्याच्या विहारांशी साधर्म्य दाखविते, तर आतील पार्श्वनाथांच्या मूर्ती जैन परंपरेच्या आहेत. ही लेणी मुळात बौद्ध होती की आरंभापासूनच जैन, यावर जेम्स बर्जेस यांच्या काळापासून वाद आहे.

येडशी, परांडा व सोनारी

येडशीजवळील रामलिंग मंदिर दाट झाडीच्या दरीत असून तेथे पावसाळ्यात धबधबा वाहतो. रामायणातील जटायूची कथा स्थानिक परंपरा या जागेशी जोडते. भोवतालचे सुमारे २२ चौरस किलोमीटरचे जंगल १९९७ पासून अभयारण्य आहे. माकडांना खाऊ घालण्याची सवय येथे इतकी रुजली आहे, की हातातील पिशवीही सुरक्षित राहत नाही. परांडा तालुक्यातील सोनारी येथील काळभैरवनाथाच्या मंदिर परिसरातही माकडांचे मोठे कळप आहेत.

परांड्याचा भुईकोट आकाराने आटोपशीर आणि खंदकाने वेढलेला आहे. अहमदनगर पडल्यानंतर काही काळ निजामशाहीची राजधानी येथे होती. विजापूरची प्रसिद्ध मुलूख-मैदान तोफ १६३२ मध्ये परांड्याहूनच नेण्यात आली. नळदुर्गच्या तुलनेत येथे गर्दी फारच कमी असते, त्यामुळे तटावरून निवांत फिरता येते.

खाद्यपदार्थ

या भागाच्या जेवणाचा कणा म्हणजे ज्वारीची भाकरी. मालदांडी ज्वारीची पांढरीशुभ्र गरम भाकरी, काळ्या मसाल्याचे कालवण, शेंगदाण्याची चटणी, ठेचा आणि कांदा एवढ्यावर जेवण पूर्ण होते. भाजलेली धान्ये व मसाले दळून केलेले येसर घालून होणारी आमटी ही बार्शी-धाराशिव पट्ट्यातील घरगुती ओळख आहे. येसरामुळे आमटीला दाटपणा येतो आणि डाळ नसली तरी भागते. हुलग्याच्या पिठाचे शेंगोळे हा पावसाळी संध्याकाळचा पदार्थ. प्रवासाच्या शिदोरीत धपाटे आणि कडक भाकरी असतात, कारण त्या दोन-तीन दिवस टिकतात.

मांसाहारी जेवणात उस्मानाबादी शेळीचे नाव घ्यावे लागते. बहुधा काळ्या रंगाची, कोरड्या हवेत तगणारी आणि अनेकदा जुळी करडे देणारी ही जात देशभर परिचित आहे. महामार्गावरील ढाब्यांच्या पाट्यांवर काळ्या रश्श्यातील मटण ठळकपणे असते ते यामुळेच. भूम-वाशी भाग दुधासाठी व खव्यासाठी ओळखला जातो. कुंथलगिरी या जैन सिद्धक्षेत्राच्या रस्त्यावरून जाणारे गट तेथील पेढे घेतल्यावाचून सहसा पुढे जात नाहीत.

हुरडा

रब्बी ज्वारीचे कणीस दुधाळ अवस्थेतून पुढे सरकले, पण दाणा अजून कडक झाला नाही, अशा काही दिवसांतच हुरडा खाता येतो. डिसेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत, पेरणीच्या वेळेनुसार, ही संधी मिळते. जमिनीत खड्डा करून त्यात गोवऱ्या पेटवितात. त्या विस्तवाला आगटी म्हणतात. कणसे आगटीत खुपसून भाजली, की गरम असतानाच हातावर चोळून दाणे मोकळे करतात. हे काम सरावाचे आहे. नवख्याचे तळवे लगेच लाल होतात, आणि मित्रांच्या थट्टेला तेवढे निमित्त पुरते. सोबत गूळ, खोबरे, लसणाची चटणी, दही आणि बोरे असतात. हुरडा पोटाला जड असल्याने त्यावर ताक पितात.

पूर्वी हुरडा म्हणजे शेतकऱ्याने मित्रांना दिलेले आमंत्रण असे आणि त्यात पैशाचा व्यवहार नसे. आता माणशी दर आकारून हुरडा पार्टी देणारी कृषी-पर्यटन केंद्रे जागोजागी निघाली आहेत. ज्वारीला बाजारात मिळणारा भाव पाहता शेतकऱ्याच्या दृष्टीने हा व्यवहार फायद्याचा ठरू शकतो. आगटीभोवतीच्या गप्पा मात्र वेळेच्या तासांत बसवाव्या लागतात, एवढाच काय तो फरक.

वेळ अमावस्या

मार्गशीर्ष अमावस्येला लातूर व धाराशिव जिल्ह्यांत आणि कर्नाटकच्या लगतच्या भागात वेळ अमावस्या साजरी होते. बोलीभाषेत तिला येळवस म्हणतात. कर्नाटकात हाच सण एळ्ळु अमावास्ये म्हणून ओळखला जातो. कन्नडमध्ये एळ्ळु म्हणजे तीळ. धाराशिव जिल्ह्याच्या सहलींचे मूळ रूप शोधायचे झाल्यास ते येथे सापडते. बाजारपेठा बंद होतात, शहरातले रस्ते ओस पडतात आणि माणसे शेतात असतात. प्रशासन या दिवशी स्थानिक सुट्टीही जाहीर करते.

शेतात कडब्याच्या पेंढ्यांची खोप उभारून तिच्यात पाच पांडवांचे प्रतीक म्हणून चुना लावलेले पाच दगड मांडतात व लक्ष्मीची पूजा करतात. पूजेनंतर आंबील पिकांवर शिंपडतात. आंबील म्हणजे ज्वारीचे पीठ ताकात शिजवून, लसूण-मीठ घालून केलेले पातळ पेय. ते मातीच्या बिंदग्यात भरून डोक्यावरून शेतात नेण्याची रीत आहे. जेवणातील मुख्य पदार्थ भज्जी. तिचा भज्यांशी काही संबंध नाही. तुरीचे, हरभऱ्याचे, वालाचे व वाटाण्याचे कोवळे दाणे, पालेभाज्या, चिंचेचा कोळ आणि हरभऱ्याचे पीठ एकत्र शिजवून ती करतात. त्या हंगामात शिवारात जे हिरवे असेल ते तिच्यात पडते, म्हणून कोणत्याही दोन घरांची भज्जी एकसारखी नसते. सोबत बाजरीचे उंडे, तिळाची भाकरी, गव्हाची खीर, वांग्याचे भरीत आणि शेंगदाण्याची पोळी असते. जेवणानंतर झाडांना दोर बांधून झोके घेतले जातात व संध्याकाळी कडब्याचा पेटता पलिता पिकाभोवती फिरवतात.

ज्यांना शेती नाही अशा मित्रांना, शिक्षकांना आणि नोकरीनिमित्त जिल्ह्यात आलेल्या परगावच्या कुटुंबांना या दिवशी आवर्जून बोलावले जाते. धर्म वा जात न पाहता आमंत्रणे दिली जातात. एकाच माणसाला तीन-चार शेतांतून बोलावणे येते आणि कुणाचेच मोडू नये म्हणून तो प्रत्येक ठिकाणी थोडी थोडी भज्जी खात दिवसभर बांधावरून फिरतो. पुणे-मुंबईला स्थायिक झालेले मित्र दिवाळीला आले नाहीत तरी येळवशीला गावी येतात. रब्बीची पेरणीच झाली नाही अशा वर्षीही पूजा होते. तेव्हा तुरीचे व हरभऱ्याचे दाणे बाजारातून विकत आणून भज्जी करतात आणि आंबील मोकळ्या ढेकळांवर शिंपडली जाते.